एक्सपोर्ट करण्याआधी विचारा: हे वाचणार कोण, आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीच्या ऑफिसात सगळ्यांचा मिळून एक लिनक्स सर्व्हर आहे आणि त्यावर तुम्हाला सुडो (रूटचे, म्हणजे ॲडमिनचे अधिकार) नाही. होम डिरेक्टरीत नवं झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) आणि त्यावर लिबपीएनजी (पीएनजी चित्रांची लायब्ररी) सोर्समधून बांधायचंय. झेडलिब निमूट बसलं. लिबपीएनजीचं कॉन्फिगर (बांधण्याआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट) मात्र ‘झेडलिब नॉट इन्स्टॉल्ड’ म्हणून अडून बसलं. मग नेटवर सापडलेले सात-आठ एक्सपोर्ट (व्हेरिएबल्स शेलमधल्या सगळ्या प्रोग्रामना देणाऱ्या ओळी) बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) टाकलेत, शेजारच्या सहकाऱ्याच्या फाइलमधल्या दोन ओळीही उचलल्यात, आणि आता कालपर्यंत नीट चालणारे सर्व्हरवरचे प्रोग्रामसुद्धा ‘झेडलिब_१.२.९ नॉट फाउंड’ म्हणत पडतायत. शिवाय विचारलंय की प्रीफिक्स आणि डेस्टडिर यांत फरक काय आणि ही व्हेरिएबल्स लिहायची तरी कुठे.

एक खुलासा आधीच करते. कमांड आणि व्हेरिएबल्सची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. व्हेरिएबल्स जवळजवळ सगळी कॅपिटलमध्ये असतात, अपवाद प्रीफिक्सचा, तो स्मॉलमध्येच.

सगळ्यात आधी घाण काढा. बॅशआरसीतले ते सगळे एक्सपोर्ट हॅश लावून बंद करा, लॉगआउट करून पुन्हा आत या. फक्त ‘सोर्स’ करून भागत नाही, कारण चालू शेलमध्ये जुन्या किमती तशाच राहतात. मग ‘एन्व्ह’चं आउटपुट ‘ग्रेप’ करून एलडी किंवा फ्लॅग्ज नावाचं काही उरलंय का बघा. काही नसेल तर निम्मं दुखणं इथेच गेलं. तुमचे बाकीचे प्रोग्राम पुन्हा चालायला लागतील.

ते का पडत होते, तेही समजून घ्या, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. सहकाऱ्याच्या फाइलमधून उचललेल्या ओळींत एलडी_लायब्ररी_पाथ होतं आणि ते कुठल्यातरी विकतच्या टूलच्या लिब डिरेक्टरीकडे बोट दाखवत होतं. अशी टूलं स्वतःबरोबर आपापलं जुनं झेडलिब घेऊन येतात. प्रोग्राम सुरू होताना लोडर (लागणाऱ्या लायब्ररी मेमरीत आणणारा) ‘लिबझेड.एसओ.१’ या नावाची फाइल शोधतो, एलडी_लायब्ररी_पाथ आधी बघतो, त्याला पहिलं भेटतं ते हे जुनं झेडलिब, आणि तो तिथेच थांबतो. पुढे सिस्टिमची एखादी लायब्ररी म्हणते की मला १.२.९ किंवा त्यानंतरच्या झेडलिबमधलं फंक्शन हवंय. ते त्या जुन्या फाइलमध्ये नाहीच. चांगलं झेडलिब दोन डिरेक्टऱ्या पुढे बसलेलं असतं, पण लोडर तिथवर जातच नाही. तुमचा प्रश्न होता बांधताना लायब्ररी सापडत नाही हा, आणि तुम्ही उपाय केलात चालवताना वाचल्या जाणाऱ्या व्हेरिएबलवर. मूळ दुखणं तसंच राहिलं आणि दुसरं मागे लागलं.

मी हे काम वीसेक वर्षं करतेय आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला एकच सवय लावते. व्हेरिएबल टाकण्याआधी विचारायचं, हे वाचणार कोण आणि कधी? सोर्समधून सॉफ्टवेअर बसवण्याचे पाच क्षण आहेत: कॉन्फिगर, कंपाइल, लिंक, इन्स्टॉल आणि रन. प्रत्येक क्षणी वाचणारा वेगळा असतो. कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट, ती बरंच काही वाचते आणि मेकफाइलमध्ये (‘मेक’ या बांधणाऱ्या टूलसाठीच्या सूचनांची फाइल) कोरून ठेवते. प्रीप्रोसेसर आणि कंपायलर सीपीपीफ्लॅग्ज, सीफ्लॅग्जमधलं वाचतात. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणारा, तो एलडीफ्लॅग्ज आणि लिब्जमधलं. इन्स्टॉलच्या वेळी फक्त प्रीफिक्स आणि डेस्टडिर यांना किंमत. आणि एलडी_लायब्ररी_पाथ हा शेवटच्या क्षणाचा, लोडरचा. ‘छोटा एल-झेड’, म्हणजे ‘-एलझेड’ ही झेडलिब जोडायची सूचना, तो शोधताना लिंकर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. जीसीसीला (सी कंपायलरला) बांधताना वाचता येईल असं एक व्हेरिएबल आहे खरं, त्याचं नाव नुसतं लायब्ररी_पाथ. नावात एलडी आहे की नाही एवढ्यानं अर्थ बदलतो, आणि लोकांचे तासन्‌तास तिथे जातात.

आता लिबपीएनजीकडे. तुम्ही लिहिलंय, ‘सर्व्हरवर झेडलिब तर आहेच, मग नॉट इन्स्टॉल्ड कसं?’ आहे, पण चालवण्यापुरतं. लिनक्स वितरणांत लायब्ररीचे दोन भाग करतात. ‘लिबझेड.एसओ.१’ ही चालवायची फाइल सगळ्यांकडे असते. बांधायला लागते ती शेवटी ‘.१’ नसलेली ‘लिबझेड.एसओ’ ही लिंक आणि ‘झेडलिब.एच’ हे हेडर, आणि ते दोन्ही वेगळ्या डेव्हलपमेंट पॅकेजात येतं. ते तुमच्या सर्व्हरवर कोणी बसवलेलं नाही. तुम्ही स्वतः होममध्ये बसवलेल्या झेडलिबमध्ये दोन्ही आहे, पण ते कॉन्फिगरला कोणी सांगितलंच नाही.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, कॉन्फिग.लॉग उघडा. बिल्ड डिरेक्टरीत ही फाइल पडलेली असते आणि दहातले नऊ जण ती उघडत नाहीत. शेवटून वर जाऊ नका, शेवटी नुसती व्हेरिएबल्सची यादी असते. ‘झेडलिबव्हर्जन’ हा शब्द शोधा. तिथे कॉन्फिगरने लिहिलेला पाच-दहा ओळींचा चिमुकला सी प्रोग्राम दिसेल, तो बांधायला दिलेली जीसीसीची पूर्ण कमांड दिसेल, आणि खाली लिंकरचं उत्तर: ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’. स्क्रीनवर आलेलं ‘नॉट इन्स्टॉल्ड’ हा कॉन्फिगरचा तर्क होता. खरी तक्रार लिंकरची आहे, हेडरपर्यंत अजून गोष्ट गेलेलीच नाही. त्या कमांडमध्ये तुमच्या होमचा पत्ता कुठेही नाही, हेही तिथेच दिसेल.

इथे आणखी एक सापळा आहे, त्यात बरेच जण पडतात. लिबपीएनजीच्या कॉन्फिगरला ‘--विथ-झेडलिब-प्रीफिक्स’ असा पर्याय आहे. नाव वाचून वाटतं, वा, इथेच झेडलिबचा पत्ता द्यायचा. नाही. झेडलिब बांधताना कोणी फंक्शनच्या नावांपुढे ‘झेड_’ सारखं काही जोडलं असेल तर ते अक्षर सांगायचा हा पर्याय आहे. डिरेक्टरीशी त्याचा संबंध नाही. तिथे पत्ता दिलात तर कॉन्फिगर तुमच्या होमच्या नावाने सुरू होणारं फंक्शन शोधत बसेल. पर्यायाच्या नावावरून अर्थ लावू नका, ‘--हेल्प’ पूर्ण वाचा.

बरोबर कमांड ही अशी, एका ओळीत:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/लोकल सीपीपीफ्लॅग्ज="-आय$होम/लोकल/इन्क्लूड" एलडीफ्लॅग्ज="-एल$होम/लोकल/लिब -डब्ल्यूएल,-आरपाथ,$होम/लोकल/लिब"

यात ‘आय’ कॅपिटल, ‘एल’ही कॅपिटल, ‘डब्ल्यू’ कॅपिटल पण त्याच्या पुढचा ‘एल’ स्मॉल. शेवटच्या आरपाथवर जरा पुढे येते.

हेडरचा पत्ता सीफ्लॅग्जमध्ये न देता सीपीपीफ्लॅग्जमध्ये का? तांत्रिक उत्तर असं की हेडर शोधणं हे प्रीप्रोसेसरचं काम. पण खरं व्यवहारातलं कारण वेगळं आहे. ऑटोकॉन्फने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट जीसीसी बघून, सीफ्लॅग्ज रिकामं असेल तर, आपण होऊन त्यात ‘-जी -ओ२’ घालते. तुम्ही सीफ्लॅग्जमध्ये नुसता हेडरचा पत्ता टाकलात की ते रिकामं राहत नाही, आणि ‘-ओ२’, म्हणजे वेग वाढवणारं ऑप्टिमायझेशन, गायब. प्रोग्राम बांधला जातो, बरोबर चालतो, फक्त रखडत चालतो. चूक कुठेच दिसत नाही, कारण चूक म्हणून काही छापलंच जात नाही. आमच्याकडे एकदा इमेज बदलणारं एक टूल असं बांधलं गेलं होतं. ‘सर्व्हर जुना झालाय, नवा घ्या’ इथपर्यंत चर्चा पोचली होती, आणि निघालं काय तर एका एक्सपोर्टने ऑप्टिमायझेशन खाल्लं होतं. सीफ्लॅग्ज द्यायचंच असेल तर ‘-जी -ओ२’ स्वतः लिहून मग पुढे हवं ते जोडा.

तसंच ‘छोटा एल-झेड’ सारखी लायब्ररीची नावं एलडीफ्लॅग्जमध्ये घालू नका, त्यांच्यासाठी लिब्ज आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. एलडीफ्लॅग्ज साधारण आधी येतं, लिब्ज शेवटी. ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) यायच्या आधीच लायब्ररी भेटली तर लिंकर म्हणतो, ‘हिची अजून कोणाला गरज नाही,’ आणि स्टॅटिक लायब्ररी असेल तर तिला तिथेच सोडून देतो. उबुंटूवर शेअर्ड लायब्ररीचंही तसंच होतं, कारण तिथे जीसीसी ‘ॲज-नीडेड’ (गरज असेल तरच जोड) डिफॉल्टनेच देतो.

व्हेरिएबल्स एक्सपोर्ट न करता कमांडच्या शेपटीला का जोडली, हेही बघा. दोन्ही मार्गांनी आज काम होईल. पण असं दिलं की कॉन्फिग.लॉगच्या अगदी वर, डॉलरच्या खुणेपुढे, तुमची कमांड जशीच्या तशी नोंदली जाते. सहा महिन्यांनी ‘हे मी कसं बांधलं होतं?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तिथे मिळतं. एक्सपोर्ट केलेलं असेल तर ते तुमच्या त्या दिवशीच्या शेलबरोबर गेलं.

अपवाद झेडलिबचाच. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट नावाने कॉन्फिगर असली तरी ऑटोकॉन्फची नाही, हाताने लिहिलेली आहे. तिला कमांडच्या शेपटीला जोडलेली ‘सीसी=क्लँग’ ही भाषा कळत नाही. तिथे व्हेरिएबल कमांडच्या आधी लिहायचं, म्हणजे फक्त त्या एका कमांडपुरतं एन्व्हायर्नमेंटमध्ये जातं. ओपनएसएसएलची तऱ्हा आणखी तिसरी, त्याची कॉन्फिगर पर्लमध्ये आहे. म्हणून कुठलंही नवं पॅकेज उघडलं की त्यातली इन्स्टॉल नावाची फाइल दोन मिनिटं चाळा.

आता आरपाथ. लिंक करताना लायब्ररी सापडली म्हणजे चालवताना सापडेलच असं नाही, कारण वाचणारा बदलला. यावर दोन मार्ग आहेत. एलडी_लायब्ररी_पाथ ही शेलभर दिलेली सूचना, तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू. आरपाथ ही बांधताना त्या एका फाइलच्या आत कोरलेली सूचना, बाकी कोणाला तिचा त्रास नाही. सामायिक सर्व्हरवर मी नेहमी आरपाथच वापरते. नीट कोरलं गेलं का ते ‘रीडएल्फ -डी’ने बघा, रनपाथ किंवा आरपाथ अशी ओळ दिसेल.

ही दोन नावं का, तर दोन पिढ्या आहेत. जुना आरपाथ लोडर सगळ्यात आधी बघतो. नवा रनपाथ, जो हल्ली बऱ्याच वितरणांत डिफॉल्टने पडतो, तो एलडी_लायब्ररी_पाथच्या नंतर बघितला जातो. म्हणजे तुमच्या बॅशआरसीत ती उचललेली ओळ राहिली तर हे सगळं कोरूनही जुनं झेडलिबच जिंकेल. आणि रनपाथ फक्त त्या फाइलच्या स्वतःच्या थेट गरजांपुरता असतो. तुमचा प्रोग्राम लिबपीएनजी मागतो, लिबपीएनजी झेडलिब मागतं. प्रोग्रामचा रनपाथ पहिल्या उडीला चालेल, दुसऱ्या उडीला लिबपीएनजीचा स्वतःचा रनपाथ लागेल. म्हणून वरच्या कमांडमध्ये तो लिबपीएनजी बांधतानाच दिलाय, आणि उद्या तुमचा प्रोग्राम बांधताना पुन्हा द्यायचा.

कधी नाइलाजाने एलडी_लायब्ररी_पाथ लावावंच लागलं तर शेपटीच्या कोलनकडे लक्ष ठेवा. सगळे लिहितात तसं ‘माझा पाथ, कोलन, जुना पाथ’ लिहिलंत आणि जुना रिकामा असेल, तर शेवटी नुसता कोलन उरतो. रिकामी जागा म्हणजे लोडरच्या भाषेत चालू डिरेक्टरी. तुम्ही ज्या डिरेक्टरीत उभे असाल तिथल्या लायब्ररी उचलल्या जाणार. सामायिक सर्व्हरवर हे सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं नाही.

प्रीफिक्स आणि डेस्टडिर. तुर्भ्याच्या एखाद्या गोडाऊनची कल्पना करा. पेटीवर लेबल आहे नाशिकच्या दुकानाचं, पण आज रात्री पेटी ठेवलीय तुर्भ्यात. लेबलवरचा पत्ता म्हणजे प्रीफिक्स, गोडाऊन म्हणजे डेस्टडिर. गोडाऊनमध्ये ठेवली म्हणून कोणी लेबल बदलत नाही. प्रीफिक्स कॉन्फिगरच्या वेळी ठरतो आणि बऱ्याचदा बायनरीच्या पोटात जातो: कॉन्फिग फाइल कुठे शोधायची, डेटा कुठे, प्लगइन कुठे. काही दिला नाही तर तो ‘/यूएसआर/लोकल’ असतो, म्हणून सुडो नसलेल्या माणसाला इन्स्टॉलच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ मिळतं. डेस्टडिर फक्त ‘मेक इन्स्टॉल’च्या वेळी द्यायचा, आणि तो प्रत्येक पत्त्याच्या आधी चिकटतो. डेस्टडिर ‘/टीएमपी/स्टेज’ दिला आणि प्रीफिक्स ‘/यूएसआर/लोकल’ असेल, तर फाइली ‘/टीएमपी/स्टेज/यूएसआर/लोकल’मध्ये पडतील. डेब किंवा आरपीएम पॅकेज बनवताना हेच केलं जातं.

तुमच्या कामाला डेस्टडिरची गरज नाही, होममधला प्रीफिक्स पुरे. पण पाहणीसाठी तो फार कामाचा. खरं इन्स्टॉल करण्याआधी एकदा डेस्टडिर देऊन टीएमपीत उतरवा, ‘फाइंड’ मारा, नक्की कायकाय कुठे जाणार ते दिसतं. इन्स्टॉलच्या वेळी प्रीफिक्स बदलून ‘मेक प्रीफिक्स=… इन्स्टॉल’ करायचा मोह मात्र टाळा. फाइली नव्या जागी जातील आणि आतली लेबलं जुन्याच पत्त्याची राहतील.

ही पाहणीची सवय मला फुकट लागलेली नाही. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत लागले. एका शनिवारी संध्याकाळी मी हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये ‘स्टेज = /ऑप्ट/चाचणी’ अशी ओळ होती, आणि त्याच ओळीवर पुढे चार स्पेस देऊन हॅश आणि कॉमेंट. कॉमेंट मेकने टाकून दिली, पण त्याच्या आधीच्या चार स्पेस व्हेरिएबलच्या किमतीतच राहिल्या. मेकचा हा नियमच आहे. खाली नियमात पुसून टाकायची कमांड होती: ‘आरएम -आरएफ $(स्टेज)/लिब’. शेलला मिळालं ‘/ऑप्ट/चाचणी’, मग स्पेस, मग वेगळंच ‘/लिब’. आणि मी रूट होते.

प्रॉम्प्ट परत आला, काही तक्रार नाही. मी ‘एलएस’ टाइप केलं. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ‘सीपी’, तेच. ‘/लिब’मधला लोडर आणि सी लायब्ररी गेल्यावर एकही बाहेरचा प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही. जिवंत होता फक्त आधीच मेमरीत असलेला शेल आणि त्याच्या पोटातल्या कमांड. ‘एको’पुढे स्टार देऊन मी डिरेक्टरीतली नावं वाचत बसले होते, बाकी हातात काही नव्हतं. सिस्टिम सांभाळणारे काका आले, स्क्रीनकडे बघितलं, काही न बोलता खणातून इन्स्टॉलेशनच्या सीड्या काढल्या. घणसोलीहून ठाण्याला जाणारी शेवटची गाडी त्या दिवशी आम्हा दोघांचीही चुकली.

तेव्हापासून कॉमेंट व्हेरिएबलच्या ओळीवर नाही, वरच्या ओळीवर. पत्त्याच्या किमती ‘स्ट्रिप’ फंक्शनमधून काढून घेते. पुसण्याची किंवा बसवण्याची कुठलीही कमांड आधी ‘मेक -एन’ने, म्हणजे न करता नुसती छापून बघते. आणि सुडो फक्त ‘इन्स्टॉल’ला, कधीही अख्ख्या ‘मेक’ला नाही. सुडो तुमची बरीचशी व्हेरिएबल्स वाटेत काढूनही टाकतो. त्यामुळे ‘माझ्या नावाने बांधलं तेव्हा चाललं, सुडोने नाही’ हे कोडं नसतंच.

मेकफाइल हाताने लिहिलेली असेल, कॉन्फिगर नसेल, तर कोण कोणाला दाबतं ते माहीत हवं. कमांडवर दिलेलं सगळ्यांना दाबतं, मेकफाइलमधलं एन्व्हायर्नमेंटला दाबतं, एन्व्हायर्नमेंट सगळ्यात खाली. म्हणून ‘एक्सपोर्ट केलं तरी ऐकत नाही’ असं होतं. मेकफाइलमध्ये स्पष्ट ‘सीफ्लॅग्ज =’ लिहिलेलं असतं. आणि कमांडवर दिलेलं इतकं प्रबळ की मेकफाइलमधलं ‘सीफ्लॅग्ज +=’ही ते गिळतं. त्या ओळीत प्रकल्पाचा स्वतःचा हेडरचा पत्ता असेल तर तोही जातो आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी मोडतं. लिहिणाऱ्याने ‘ओव्हरराइड’ वापरलं असेल तरच ते वाचतं. उलट बाजूने, स्वतः मेकफाइल लिहीत असाल तर ‘सीसी ?= जीसीसी’ लिहून निश्चिंत होऊ नका. ‘?=’चा अर्थ ‘आधी काही नसेल तर’, आणि सीसी मेकने स्वतः आधीच ‘सीसी’ अशी किंमत देऊन ठेवलेलं असतं. तुमची ओळ कधीच लागू होत नाही. ही गोष्ट मी चांगल्या अनुभवी लोकांच्या मेकफाइलींत पाहिलीय.

आणखी एक, यात तुम्ही नक्की अडकला असाल. व्हेरिएबल बदललं, ‘मेक’ पुन्हा मारलं, आणि ते म्हणालं करण्यासारखं काही नाही. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं. फ्लॅग बदलले हे त्याला कळत नाही, जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच. गंमत म्हणजे मेकचा जन्मच अशा शिळ्या ऑब्जेक्ट फाइलीतून झाला. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ अचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. ते ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं. फाइलींचं दुखणं त्यांनी सोडवलं, फ्लॅगचं आजही आपल्याच गळ्यात आहे. म्हणून सोर्स फाइलींच्या गर्दीत बांधू नका. सोर्सच्या डिरेक्टरीतच वेगळी ‘बिल्ड’ डिरेक्टरी करा, तिथून (‘./’ऐवजी) ‘../कॉन्फिगर’ चालवा, आणि कुठलंही व्हेरिएबल बदललं की ती डिरेक्टरी अख्खी उडवून नवी करा. अर्धवट ‘मेक क्लीन’पेक्षा हे स्वस्त पडतं.

पुढची पॅकेजेस पीकेजी-कॉन्फिगला (बसवलेल्या लायब्ररींचे पत्ते सांगणारं टूल) विचारतील. त्यांच्यासाठी पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये ‘$होम/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग’ द्या. तरी सापडलं नाही तर लिब६४ बघा. ओपनएसएसएल ३ हे ६४-बिट लिनक्सवर डिफॉल्टने लिब६४ मध्ये बसतं आणि लोक लिबमध्ये शोधत राहतात.

सीमेकवालं (कॉन्फिगरच्या जागी वापरलं जाणारं दुसरं टूल) काही आलं तर नावं बदलतात, प्रश्न तोच राहतो. प्रीफिक्सच्या जागी सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स. होममधल्या लायब्ररी शोधायला सीमेक_प्रीफिक्स_पाथ, त्यात ‘$होम/लोकल’ एवढंच द्यायचं, इन्क्लूड आणि लिब ते स्वतः शोधतं. सीमेक_बिल्ड_टाइप रिकामं ठेवलंत तर साध्या मेकफाइल बिल्डमध्ये बहुतेक प्रकल्प ऑप्टिमायझेशनशिवाय बांधले जातात, ‘रिलीज’ द्यायला विसरू नका. सीफ्लॅग्ज सीमेक एन्व्हायर्नमेंटमधून वाचतं, पण फक्त पहिल्यांदा. नंतर ते कॅशे फाइलमध्ये जातं आणि तुमच्या एक्सपोर्टला भीक घालत नाही. शिवाय बिल्ड डिरेक्टरीत चालणारा प्रोग्राम इन्स्टॉल केल्यावर ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणाला तर घाबरू नका: इन्स्टॉल करताना सीमेक बांधतानाचा आरपाथ काढून टाकतं. सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ_यूज_लिंक_पाथ ‘ऑन’ केलं की तुमच्या होममधला पत्ता राहतो.

मग लिहायचं कुठे? बॅशआरसीत फक्त पाथ (प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी), त्यात ‘$होम/लोकल/बिन’ जोडायचं. एवढंच. बाकी प्रत्येक पॅकेजसाठी सोर्सच्या शेजारी चार-सहा ओळींची एक शेल स्क्रिप्ट ठेवा, त्यात ती पूर्ण कॉन्फिगर कमांड. ती गिटमध्ये टाका. ऑटोकॉन्फची पॅकेजेस बरीच बांधायची असतील तर ‘$होम/लोकल/शेअर/कॉन्फिग.साइट’ अशी फाइल करून त्यात सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज एकदाच लिहा. तोच प्रीफिक्स दिला की कॉन्फिगर ती फाइल आपण होऊन वाचतं आणि वाचल्याचं स्क्रीनवर सांगतंही. ती फक्त बांधतानाच वाचली जाते, तुमच्या रोजच्या शेलला तिचा वाराही लागत नाही.

तुमच्यासाठी आजचा क्रम असा: बॅशआरसी साफ, नवं लॉगिन. ‘$होम/लोकल/लिब’मध्ये ‘.१’ नसलेली लिबझेड.एसओ आहे का आणि इन्क्लूडमध्ये झेडलिब.एच आहे का, हे डोळ्यांनी बघा. लिबपीएनजीची जुनी बिल्ड डिरेक्टरी उडवा, नवी करा, तिथून वरची कमांड ‘../कॉन्फिगर’ अशी सुरुवात करून चालवा, ‘मेक’, ‘मेक चेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. शेवटी बसलेल्या लिबपीएनजीच्या एसओ फाइलवर ‘एलडीडी’ मारा. लिबझेडपुढे तुमच्या होमचा पत्ता दिसला पाहिजे. सिस्टिमचा दिसला तर आरपाथ कोरला गेलेला नाही, टूलच्या डिरेक्टरीचा दिसला तर बॅशआरसी अजून साफ नाही. आणि नवा प्रोग्राम बसवूनही शेल जुनाच चालवत असेल तर ‘हॅश -आर’ करा, बॅश आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवून बसतो.